आई आणि मावशी, दोघींना ब्रेस्ट कॅन्सर. मग आपण चालून काय फरक पडतो?

सोनटक्का

बरेच दिवस विचारायचं मनात होतं. आईला 54व्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सर झाला, मावशीला 61व्या. दोघींचे उपचार पूर्ण झालेत, दोघी ठणठणीत आहेत, तेव्हा काळजीचे निरोप नकोत. प्रश्न आमच्या पिढीचा आहे.

मी 42, पाचपाखाडीत राहते. धाकटी बहीण 38, ऐरोलीला आयटीत, बहुतेक रात्रपाळीच. तिचं म्हणणं, जे रक्तातच आलंय ते काही टळत नाही, मग मी वडापाव का सोडू? मामेबहीण 47, तिचं बरोबर उलट. रोज सूर्यनमस्कार, साखर बंद, गहू बंद, आणि म्हणून मॅमोग्राफीची (स्तनांच्या एक्स-रेची) गरजच नाही असं ठाम मत. "धडधाकट शरीरात कशाला रेडिएशन घालून घेऊ?"

या दोघींच्या मध्ये मी. जमेल तसं चालते, मॅमो करून घेतलाय. पण घराण्यात असताना या चालण्याने नेमका किती फरक पडतो, असं कुणी विचारलं तर मला उत्तर येत नाही. डॉक्टरांना विचारलं तर "हेल्दी राहा" म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

आकडे माहीत असतील तर आकडे सांगा, स्वतः काय करता ते सांगा. फॉरवर्ड नकोत, आमच्या फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी येतात.

पाणपोई

वाचतेय. माझ्या सासूबाईंना झाला होता आणि त्यांच्या माहेरी दूरदूरपर्यंत कुणालाच नव्हता. त्यामुळे हे "घराण्यात असतं" प्रकरण मला नीट कळलेलंच नाही.

उपवनकर

मी डॉक्टर आहे, पण कॅन्सरतज्ज्ञ नाही. सल्ला म्हणून नको, माहिती म्हणून वाचा.

आधी पाणपोईंचा मुद्दा. तुमच्या सासूबाईंसारखंच बहुतेकींचं असतं. 2001 साली जगभरातल्या 52 अभ्यासांची एकत्र छाननी झाली होती. ब्रेस्ट कॅन्सर झालेल्या दर नऊ जणींपैकी आठ जणींच्या आईला, बहिणीला, मुलीला तो झालेला नव्हता. उलट बाजूही त्यातच आहे. आई, बहीण, मुलगी यांच्यापैकी एकीला असेल तर धोका साधारण पावणेदोन ते दोन पट, दोघींना असेल तर तिप्पट. तरीही अशा घरांतल्या बहुसंख्य बायकांना तो आयुष्यात कधीच होत नाही.

आता सोनटक्कांचा प्रश्न. नेमका हाच प्रश्न घेऊन 2010 मध्ये एक अभ्यास आला होता. अमेरिकेच्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या प्रकल्पातल्या, पाळी गेलेल्या 85 हजारांहून जास्त बायकांची माहिती त्यात तपासली. सवयी तीन धरल्या होत्या: आठवड्यातून पाच वेळा निदान 20 मिनिटं मध्यम किंवा जोरदार व्यायाम, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा) 18.5 ते 25च्या आत, आणि दारू नाही किंवा आठवड्याला फार तर सात ड्रिंक.

घराण्यात ब्रेस्ट कॅन्सर असलेल्या बायकांमध्ये, तिन्ही सवयी पाळणाऱ्या हजारजणींमागे वर्षाला साधारण 6 जणींना तो झाला. एकही न पाळणाऱ्यांत साधारण 7. घराण्यात नसलेल्यांत हेच आकडे 3.5 आणि 4.7.

म्हणजे फायदा दोन्हीकडे जवळजवळ तेवढाच, वर्षाला हजारात एकीचा. तुमच्या बहिणीला एवढंच दाखवा की घराण्यात आहे म्हणून सवयींचा उपयोग पुसला जात नाही. आणि मामेबहिणीला दुसरं दाखवा. सगळं पाळणारी पण घराण्यात असलेली बाई 6वर आहे, काहीही न पाळणारी पण घराण्यात नसलेली 4.7वर. सूर्यनमस्कार घालून ती शेजारणीच्या पातळीवर येत नाही. तिला तपासणी शेजारणीपेक्षा जास्त लागू आहे, कमी नाही.

एक अट लक्षात ठेवा. ज्यांच्या घरी 45च्या आत कुणाला झाला होता, अशा बायका या हिशेबात नव्हत्या. ते प्रकरण वेगळं असतं.

कंदीपेढा

हजारात एक? एवढ्यासाठी रोज पहाटे उठायचं? डॉक्टरसाहेब, बहिणीचंच बरोबर आहे की.

उपवनकर

दर वर्षी हजारात एक. वीस वर्षं तोच वेग धरला तर शंभरात दोघी होतात. हा माझा ढोबळ गुणाकार आहे, अभ्यास इतकी वर्षं चाललेला नव्हता. शिवाय त्याच पहाटेच्या चालण्याने शुगर, बीपी, आतड्याचा कॅन्सर यांचेही आकडे खाली येतात, ते या हजारात धरलेले नाहीत. बाकी पहाटेच उठायला पाहिजे असं काही नाही, संध्याकाळी चाला.

गवतीचहा

ताई, घाबरू नका. सकाळी उपाशीपोटी कच्ची हळद आणि गोमूत्र अर्क घ्या. साखर पूर्ण बंद केली की कॅन्सरच्या पेशी उपाशी मरतात. रात्री काळी ब्रा आणि डिओ वापरू नये. सोयाबीन तर विषच. हे सगळं डॉक्टर सांगत नाहीत कारण त्यांचा धंदा बसेल.

सुरंगी

गवतीचहा, धाग्यात पहिल्याच पोस्टला हात जोडून सांगितलंय ना बाईने?

ब्रा काळी असो की गुलाबी, तिचा कॅन्सरशी संबंध सापडलेला नाही. डिओचाही नाही. सोयाबीनची भाजी खुशाल खा. साखर कमी करा, पण वजनासाठी. पेशी उपाशी वगैरे काही मरत नाहीत, आपण भात-पोळी खाल्ली तरी रक्तात साखर असतेच.

माझं वय 66, नौपाड्यात जन्म गेला. माझ्या बहिणीला झाला होता, म्हणून मी यात लक्ष घातलं. मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट कुठली सांगू? पाळी गेल्यावरचं वजन. पाळी चालू असताना इस्ट्रोजेन हे हार्मोन मुख्यतः बीजकोशातून येतं. पाळी गेली की ते दुकान बंद, पण चरबीच्या पेशी स्वतः इस्ट्रोजेन तयार करत राहतात. चरबी जितकी जास्त तितकं ते जास्त, आणि बऱ्याच ब्रेस्ट कॅन्सरना तेच खतपाणी लागतं. हे मला माझ्या बहिणीच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं तेव्हा पटलं. तोवर "वजन कमी करा" म्हणजे साडी नीट बसावी म्हणून, असंच वाटायचं.

आणि आपल्या बायकांचं वजन कुठे वाढतं? वडापावपेक्षा घरातच. उपासाची साबुदाणा खिचडी, ताटात उरलेलं टाकवत नाही म्हणून संपवणं, चारच्या चहाबरोबर फरसाण, आणि प्रत्येक हळदीकुंकवाला एक पेढा. मी संपवण्याचं काम सोडून दिलं. उरलं तर उरलं, सकाळी त्याचं थालीपीठ होतं.

अवांतर: आपल्या लोकांना बीएमआय 25 हा आकडा सैल पडतो, भारतीयांसाठी 23च्या पुढे सांभाळा म्हणतात. बायकांनी कंबर 80 सेंटिमीटरच्या आत ठेवावी. टेप घरात असतेच.

पाणपोई

चालायला कुठे जाता सगळ्या? आमच्याकडे घोडबंदर रोडला फुटपाथ शोधावा लागतो, आणि मेट्रोच्या कामाची धूळ.

सुरंगी

मी कचराळी तलावाला. पाचपाखाडीत, महापालिकेच्या मुख्यालयाजवळ. फेऱ्या मारायला ट्रॅक आहे आणि ओळखीच्या बायका असतात, त्यामुळे दांडी मारली की फोन येतो. तलावपाळीला गर्दी फार, तिथे चालण्यापेक्षा भेळ खाणं जास्त होतं. उपवनला चढ हवा असेल तर येऊरच्या रस्त्याला लागा.

खारघरवाली

खारघरला सेंट्रल पार्क आहे, नेरुळला ज्वेल ऑफ नवी मुंबई. पण मी चालण्याबद्दल लिहायला आलेली नाही.

उपवनकरांनी "ते प्रकरण वेगळं" म्हटलंय, त्या प्रकरणात मी आहे. माझ्या आईला 38व्या वर्षी झाला. आजीला बीजकोशाचा कॅन्सर होता, तो आमच्या घरात "पोटाचं दुखणं" एवढाच माहीत होता. आईची जनुकीय तपासणी झाली, बीआरसीए 1 निघालं. मग माझी झाली. मलाही आहे.

ज्यांना हे शब्द नवीन आहेत त्यांच्यासाठी: बीआरसीए 1 आणि 2 ही जनुकं सगळ्यांमध्येच असतात, डीएनएची मोडतोड दुरुस्त करायचं त्यांचं काम. आमच्यासारख्यांत त्याची एक प्रत बिघडलेली येते. एकूण ब्रेस्ट कॅन्सरपैकी असे ठळक आनुवंशिक 5 ते 10 टक्केच. पण ज्या बाईत ते आहे तिचा आयुष्यभराचा धोका हजारात मोजत नाहीत. बीआरसीए 1 असेल तर शंभरातल्या 55 ते 72 जणींना, बीआरसीए 2 असेल तर 45 ते 69 जणींना ब्रेस्ट कॅन्सर होतो. बीजकोशाचा धोका वेगळा.

मीही चालते, मीही वजन सांभाळते. पण माझा खरा आधार दर वर्षीचा एमआरआय आणि मॅमोग्राफी आहे, आणि बीजकोश-नळ्या काढायची शस्त्रक्रिया. बीआरसीए 1 असेल तर मुलंबाळं झाल्यावर ती 35 ते 40च्या दरम्यान करायला सांगतात. स्तनच काढून टाकायचा पर्याय असतो, त्याने धोका 90 टक्क्यांहून जास्त कमी होतो. अँजेलिना जोलीने 2013 मध्ये तेच केलं आणि जगभर त्याची चर्चा झाली. मी अजून ते केलेलं नाही. करेन की नाही हे मला आज सांगता येत नाही आणि त्यावर इथे मतं नकोत, प्लीज.

सोनटक्का, तुमच्या घरी दोघींना पन्नाशीनंतर झालाय, त्यामुळे तुमचं चित्र माझ्याइतकं ठळक नाही. पण आईची जुनी फाइल काढा. त्यात ईआर, पीआर, हर-टू असे तीन रिपोर्ट असतील, म्हणजे गाठीच्या पेशींवर दोन हार्मोनचे रिसेप्टर आणि हर-टू हे प्रथिन जास्त आहे का ते. तिन्ही निगेटिव्ह असतील तर जनुकीय तपासणीबद्दल नक्की विचारा. आणि तपासणी करायची झालीच तर आधी आईची. तिच्यात काही सापडलं तरच ते तुमच्यात शोधण्यात अर्थ असतो.

सोनटक्का

खारघरवाली, मनापासून आभार. फाइल माळ्यावर आहे, काढते. तपासणी कुठे केली, सांगता येईल?

खारघरवाली

टाटा मेमोरियलचं कॅन्सर जेनेटिक्स क्लिनिक आहे, परळला आणि इथे खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकलाही टाटाचंच काम चालतं. मोठ्या खासगी हॉस्पिटलांतही जेनेटिक काउन्सेलर असतात.

मात्र काउन्सेलरशी बोलल्याशिवाय नुसतं रक्त देऊन येऊ नका. माझ्या चुलत नणंदेने एका लॅबच्या "वेलनेस पॅकेज"मध्ये तपासणी केली. रिपोर्ट ईमेलवर आला, त्यात "अर्थ अनिश्चित" असा एक बदल लिहिलेला. म्हणजे तो घातक आहे की निरुपद्रवी हे विज्ञानालाच अजून ठरवता आलेलं नाही. भारतीयांची माहिती जगाच्या साठ्यात कमी असल्यामुळे आपल्याकडे असे रिपोर्ट बऱ्यापैकी येतात. ती बिचारी महिनाभर झोपली नाही. अशा रिपोर्टवरून काहीही कापायचं-काढायचं नसतं, एवढं एक वाक्य सांगायला समोर माणूस हवा होता.

नवीपालवी

एक विचारू? सगळीकडे लिहिलेलं असतं की लवकर मूल झालं, स्तनपान केलं तर धोका कमी. मी 40, लग्न केलेलं नाही. ऑफिसातल्या एका काकूंनी जेवणाच्या टेबलावर मला हे सगळ्यांसमोर ऐकवलं. माझ्या आत्याला ब्रेस्ट कॅन्सर होता हे त्यांना माहीत होतं, तरी.

उपवनकर

काकूंना तुमच्या तब्येतीपेक्षा तुमच्या लग्नाचं पडलंय.

माहिती खरी आहे, पण तिचं वजन किती ते बघा. 2002 च्या मोठ्या पाहणीत, ती 30 देशांतल्या 47 अभ्यासांची होती, बारा महिने स्तनपानामागे धोका 4.3 टक्क्यांनी कमी दिसला. दर बाळंतपणामागे 7 टक्के. हे टक्के तुमच्या मूळ धोक्याचे, शंभर बायकांमधले चार नव्हेत. मूल अंगावर पाजणाऱ्या आईला हे सांगावं, तिला हुरूप येतो. तुम्हाला सांगून काय उपयोग? पहिली पाळी कितव्या वर्षी आली, पाळी कधी जाणार, उंची, घराणं, हे असंच. ते डॉक्टरच्या फॉर्मवर लिहायचं आणि तिथेच सोडायचं.

सुरंगी

नवीपालवी, काकूंना विचार, त्यांनी शेवटची तपासणी कधी केली. गप्प बसतील.

रातघुबड

नमस्कार. मीच ती ऐरोलीची वडापाववाली. ताईने लिंक पाठवली.

सगळं वाचलं, आकडे पटले. पण एक गोष्ट कुणीच बोलत नाहीये. आमची आई. तिने काय कमी केलं होतं? आम्ही लहान असल्यापासून पहाटे उठून फेऱ्या. सडपातळ. दारूचा थेंब नाही, दोन्ही मुलींना दीड-दीड वर्ष अंगावर पाजलं, पहिलं मूल पंचविशीच्या आत. तुमच्या यादीतलं सगळं केलं आणि तरी 54व्या वर्षी गाठ. तिला भेटायला आलेल्या एका बाईंनी विचारलं, "बाहेरचं फार खायचात का हो?" आई चक्क आठवायला लागली की कधी काय बाहेरचं खाल्लं. त्या दिवसापासून मला "सवयी" या शब्दाचा राग आहे. तब्येत सांभाळणाऱ्या बाईला झाला की म्हणायचं नशीब, आणि जाड बाईला झाला की तिच्या खाण्याचा हिशेब. मला तो हिशेब द्यायचा नाहीये, म्हणून मी सरळ म्हणते, होणार तर होणार.

खारघरवाली

रातघुबड, हे तू लिहिलंस ते बरं केलंस. मला माझ्या रिपोर्टनंतर एक फायदा झाला, कुणी "काय खात होतीस" असं विचारू शकत नाही. ज्यांच्याकडे असा कागद नसतो त्यांना मात्र जन्मभर सफाई द्यावी लागते.

उपवनकर

माझ्या वरच्याच आकड्यात तुमच्या आई आहेत. सगळं पाळणाऱ्या हजारांतल्या त्या सहा जणी, त्यांतल्या एक. त्यांनी काही चुकवलं म्हणून त्या सहांत गेल्या नाहीत. आणि सातवी कोण होती, जी वाचली, हे कुणालाच कधी कळत नाही, तिला स्वतःलाही नाही. म्हणून सवयींवरून मागे वळून कुणालाही दोष देता येत नाही, हे भावनेचं नाही, गणिताचंच सांगतोय. ते आकडे पुढच्या वर्षांसाठी उपयोगी, मागच्यासाठी नाहीत.

आणखी एक. केमोच्या काळात जे चालतफिरत राहतात त्यांचा थकवा कमी राहतो, हे बऱ्याच चाचण्यांत दिसलंय. तुमच्या आईंचं ते कसं गेलं?

रातघुबड

चांगलं गेलं. केमोच्या दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात उभी असायची, आम्ही ओरडायचो. ते चालण्यामुळे होतं की स्वभावामुळे, माहीत नाही.

बरं, मग माझ्यासारखीने करायचं काय? रात्रपाळी मी सोडू शकत नाही, होम लोन आहे. आणि हो, शुक्रवारी टीमबरोबर बसणं होतं. वाइन. रेड वाइन चांगली असते म्हणे.

उपवनकर

रात्रपाळी: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2007 मध्ये तिला "बहुधा कॅन्सरकारक" गटात टाकलं आणि 2019 मध्ये तेच कायम ठेवलं. "बहुधा" हा शब्द महत्त्वाचा, पुरावा अजून पक्का नाही. सोडता येत नसेल तर खोली पूर्ण अंधारी करून झोपा, शिफ्ट दर आठवड्याला बदलती नको म्हणून मॅनेजरशी भांडा, आणि पहाटे घरी येताना खाणं टाळा. वजन तिथेच वाढतं.

वाइनच्या बाबतीत मात्र मी मऊ बोलणार नाही. त्याच संस्थेच्या यादीत दारू पहिल्या गटात आहे, तिथे "बहुधा" नाही. रेड, व्हाइट, बीअर, ब्रीझर, सगळ्यातला अल्कोहोल तोच. रोज 10 ग्रॅम, म्हणजे वाइनचा एक छोटा ग्लास, यामागे ब्रेस्ट कॅन्सरचा धोका 7 ते 10 टक्क्यांनी वाढतो. बदलता येण्यासारख्या गोष्टींमध्ये ही सगळ्यात सोपी, कारण यात पहाटे उठावं लागत नाही. शुक्रवारी एक ग्लास आणि रोज एक ग्लास यात अर्थातच फरक आहे.

वडापावाबद्दल माझ्याकडे पुरावा नाही. आठवड्यातून एखादा माझ्यातर्फे.

कंदीपेढा

मघाशी टिंगल केली, पण एक गंभीर शंका आहे. माझ्या सख्ख्या काकांना छातीत गाठ होती. ऑपरेशन झालं, घरात सगळ्यांना "चरबीची गाठ" सांगितलं. नंतर काकूंनी बाबांना सांगितलं की तो ब्रेस्ट कॅन्सर होता. पुरुषाला होतो का? माझी मुलगी 22 वर्षांची आहे. पण आईकडून येतं ना हे? हे तर माझ्या बाजूचं.

खारघरवाली

होतो. ब्रेस्ट कॅन्सरच्या शंभर रुग्णांत साधारण एक पुरुष. आणि घरात पुरुषाला झालेला असणं ही जनुकीय तपासणीसाठीची मोठी खूण मानतात, विशेषतः बीआरसीए 2साठी.

आईकडूनच येतं हा समज काढून टाका. बिघडलेली प्रत आई किंवा वडील, कुणाकडूनही येते, आणि प्रत्येक मुलाला ती मिळण्याची शक्यता निम्मी. मुलग्यांनाही. डॉक्टर बहुधा "आईला, मावशीला होता का" एवढंच विचारतात, म्हणून बाबांच्या बाजूचं राहून जातं. काका हयात असतील तर पहिली तपासणी त्यांची. नसतील तर बाबांची. मुलीची त्यानंतर, गरज लागली तरच.

कंदीपेढा

काका आहेत, कल्याणला असतात. पण त्यांच्याशी हे बोलायचं कसं? त्यांना वाटतं आम्हाला माहीत नाही.

सुरंगी

काकूंशी बोला. त्यांनी एकदा सांगितलंय म्हणजे त्यांना बोलायचं आहे. आणि "तुमच्यासाठी" म्हणू नका, "नातीसाठी" म्हणा. पुतण्याने विचारलं तर म्हातारा चिडेल, नातीचं नाव काढलं की फाइल स्वतः शोधून देईल.

सोनटक्का

फाइल काढली. आईचे ईआर, पीआर दोन्ही पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह. मावशीचीही मागवलीय. काउन्सेलरची वेळ घेते, निदान विचारून तरी येईन. मामेबहिणीला 6 आणि 4.7 वाचून दाखवलं. गप्प झाली. मग रेडिएशनवर आली.

उपवनकर

मॅमोग्राफीचा डोस साधारण 0.4 मिलिसिव्हर्ट. जमिनीतून, आकाशातून, अन्नातून आपल्याला काहीही न करता जे रेडिएशन मिळतं, त्याच्या अमेरिकेतल्या हिशेबाने साधारण सात आठवड्यांइतका. ती ठाण्यात नुसती बसून राहिली तरी काही महिन्यांत तेवढं घेते.

किती वयापासून करायची, याचा घराण्यात असलेल्यांसाठीचा साधारण नियम म्हणजे 40पासून, किंवा घरात सगळ्यात लहान वयात झालेल्या व्यक्तीच्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे आधी येईल ते. तुमच्या घरी 54 वजा 10 म्हणजे 44, तेव्हा 40च धरायचं. मामेबहिणीला दोघी आत्या लागतात, आईइतकं जवळचं नातं नाही, पण 47 म्हणजे तिची वेळ तशीही आलेली आहे. रातघुबड 38, तिने आत्ता स्त्रीरोगतज्ज्ञाकडून किंवा सर्जनकडून हाताने तपासून घ्यावं आणि पुढचं ठरवून घ्यावं. लहान वयात स्तन दाट असतात, मॅमोत नीट दिसत नाही, म्हणून सोनोग्राफी जोडून सांगतात.

हाताने तपासण्याला कमी लेखू नका. टाटा मेमोरियलने 1998 पासून मुंबईतल्या वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांवर वीस वर्षं अभ्यास केला, 2021 मध्ये तो प्रसिद्ध झाला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसतं हाताने तपासलं. पन्नाशीच्या पुढच्या बायकांमधले मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. मशीन नाही, रेडिएशन नाही. सरकारी आरोग्य केंद्रात तिशीनंतर ही तपासणी फुकट मिळते, आपल्या कामवाल्या मावशींनाही सांगा.

नवीपालवी

आमच्या मदतनीस ताईंना घेऊन जाते मग. त्यांच्या बहिणीचं काहीतरी झालं होतं म्हणत होत्या, मी नीट विचारलंच नाही कधी.

सोनटक्का

मामेबहीण तयार झालीय! अट एकच, मी सोबत यायचं. शनिवारची वेळ मिळालीय. तिला काय काय सांगून ठेवू? दुखतं हे मी सांगितलेलं नाही.

पाणपोई

सांगून ठेव, नाहीतर तिथे ओरडेल. दाबतात तेव्हा काही सेकंद चांगलंच दुखतं, मग संपलं. पाळी चालू असेल तिची तर पाळी येऊन गेल्यावरच्या आठवड्यातली वेळ घे, तेव्हा कमी दुखतं. एकसंध ड्रेस नको, टॉप वेगळा असलेलं काहीतरी घालायला सांग. त्या दिवशी डिओ, पावडर काही लावायचं नाही, त्यातल्या कणांचे फिल्मवर ठिपके दिसतात आणि उगाच परत बोलावतात. आणि तुझी जुनी फिल्म तुझ्याकडेच असेल ना? पुढच्या वेळी ती घेऊन जा, जुन्याशी ताडून बघायला त्यांना लागते.

रातघुबड

शनिवारी मी पण येते. शिफ्ट सकाळी सहाला संपते, थेट ठाण्याला उतरते. हाताने तपासणाऱ्या डॉक्टर तिथेच असतील तर माझंही उरकून घेऊ. ताई, फोन करून विचार.